ज्या आख्यानात कोणाचंच नाव नव्हतं

जुना झालो आहे, मित्रांनो, पण मला हात लावून पाहू म्हणाल तर मी सापडायचा नाही. मी ना लाकडाचा, ना लोखंडाचा. जळगावात सुभाष चौकामागच्या गल्लीत हसीबभाईंचं अक्षरजुळणीचं दुकान आहे. तिथल्या एका करड्या कॉम्प्युटरच्या पोटात मी राहतो. मी रूपांतरक आहे. साध्या अक्षरांत लिहिलेला मजकूर माझ्या तोंडात घाला, मी त्याचं पुस्तक करून देतो, नाही तर मोठ्या अक्षरांची पानं, नाही तर मोबाइलवर वाचायचं पान. मजकूर तोच, रूपं वेगळी. मला खिडकी नाही, बटणं नाहीत, रंगीत चित्रं नाहीत. काळा पडदा उघडायचा, माझं नाव लिहायचं, पुढे फाइलचं नाव, त्यापुढे काय करून हवं ते, आणि एंटर दाबायचं. काम बरोबर झालं की मी एक अक्षर बोलत नाही. म्हणून नवीन माणसाला वाटतं, मी झोपलो.

मला घडवलं दूरदेशीच्या पुष्कळ हातांनी. कोणी माझे दात घासले, कोणी जीभ सरळ केली, कोणी मला देवनागरी गिळायला शिकवलं. त्यांनी माझी किंमत ठरवली नाही. ज्याला हवा त्याने न्यावा, असं सांगून मला सोडून दिलं. खरा कीर्तनकार बिदागी ठरवत नाही म्हणतात. माझे आईबाप तसलेच. हसीबभाईंचा चुलतभाऊ हसनैन पुण्याला शिकायला होता. सुट्टीत आला तेव्हा त्यानेच मला या कॉम्प्युटरवर उतरवलं, आणि दोन दिवस भावाला माझ्या खुणा शिकवल्या. ओळीआधी कुंपणासारखं चिन्ह दिलं की ते शीर्षक. शब्दाच्या दोन्ही अंगांना चांदणी दिली की ती अक्षरं कलती. बाकी सगळं साधं, जसं शाळेच्या वहीत लिहाल तसं. हसीबभाई आधी तोंड वाकडं करून म्हणाले, की हे तर तारायंत्र झालं. पुढे त्यांनाच माझी सवय लागली.

पण मित्रांनो, माझं आयुष्य गोड गेलं असं मी सांगणार नाही. माझं काम गिळण्याचं, आणि लोक मला काय काय गिळायला लावतात ते सांगताना आजही शिसारी येते. गुटख्याच्या पिचकारीने लाल झालेल्या बोटांनी कळा दाबतात, ते तर सोडा. ते कॉम्प्युटरच्या अंगावर. माझ्या तोंडात येतो तो मजकूर. मोबाइलवर फिरून फिरून शिळा झालेला, मध्येमध्ये हात जोडलेली चित्रं, गुलाबाची फुलं, फुगे. कुठल्या तरी जुन्या फाँटमध्ये लिहिलेला, जो मी चावला की वाळूसारखा करकरतो आणि बाहेर नुसती कचऱ्याची अक्षरं पडतात. गौरवग्रंथ म्हणून येतात, त्यात एका माणसाला एका पानावर सूर्य, हिमालय आणि वटवृक्ष म्हटलेलं असतं. आणि तोच मजकूर, फक्त नाव बदलून, पुढच्या महिन्यात दुसऱ्या माणसासाठी येतो. उष्टं, मित्रांनो, निव्वळ उष्टं. मला नाक मुरडता येत नाही. घातलं की गिळायचं आणि सुबक पान करून द्यायचं. घाणीला पितळेच्या ताटात वाढायचं काम माझ्या वाट्याला आलं.

अशा दिवसांत भिकुअक्का दुकानात आली.

अक्काचं पूर्ण नाव भिकुबाई. धुळ्याजवळ फागण्याची. कीर्तन करते. पांढरं लुगडं, कपाळाला बुक्का, आणि आवाज असा की गल्लीतला पंक्चरवाला हातातली ट्यूब तशीच धरून ऐकत राहिला. तिला काचबिंदू झाला होता. जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायची. तिथून बस स्टँडकडे जाताना तिला हसीबभाईंची पाटी दिसली. म्हणजे दिसली नाही, कोणीतरी वाचून दाखवली. ती आत आली आणि म्हणाली, की आख्यानं पाठ आहेत पण हल्ली मधलाच एखादा चरण निसटतो, समोर पान हवं, आणि पानावरचं दिसत नाही.

"बेटा, केळाएवढालं अक्षर करी दे."

हसीबभाई म्हणाले, "अक्का, मग एका पानावर एकच अक्षर बसेल. देवाचं नाव घ्यायला तीन पानं उलटावी लागतील."

अक्का इतकी हसली की तिला खोकला आला. हसीबभाईंची बायको निलोफर आतून पाणी घेऊन आली. त्या दिवसापासून अक्का त्या घरची झाली.

आख्यानं कुठे लिहिलेली नव्हती. अक्काच्या गुरूंनी तिला तोंडी दिली, तिने तोंडी जपली. मग डॉक्टरच्या प्रत्येक खेपेला ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसायची, चिपळ्या हळू वाजवत म्हणायची आणि निलोफर टाइप करायची. पहिलं आख्यान माझ्याकडे आलं तेव्हा माझी एक खोड आड आली. एकाखाली एक लिहिलेल्या ओळी मी सलग एका ओळीत वाहवतो. माझा स्वभावच तसा आहे. अक्काच्या ओव्यांचा परिच्छेद झाला. निलोफरने वाचून दाखवला तसं अक्का म्हणाली, "ही ओवी शे का भज्यानं पीठ?" मग हसीबभाईंनी हसनैनला फोन केला, आणि कळलं की प्रत्येक चरणाआधी एक उभी रेघ दिली की मी चरण मोडत नाही. निलोफरने सगळ्या आख्यानाला रेघा दिल्या. मी गिळलं. आणि मित्रांनो, पहिल्यांदा माझ्या तोंडाला गोडी आली. शीर्षक, ओवी, निरूपण, पुन्हा ओवी. एकही शब्द फुगलेला नाही. एकाच फाइलमधून मी अक्कासाठी टपोऱ्या अक्षरांची पानं केली आणि श्रोत्यांसाठी छोटी पुस्तिका केली. छापण्याआधी निलोफर सगळं एकदा मोठ्याने वाचायची. तो त्या घरचा नेम झाला. मी त्या वाचनाची वाट बघायचो.

त्यातलं एक आख्यान मला सगळ्यांत आवडायचं. दुष्काळ पडला आहे. गावात एकच भरलेली विहीर. एक गरीब बाई रोज आपल्या वाट्याच्या घागरीतलं अर्धं पाणी देवळातल्या तुळशीला घालते आणि स्वतः ओठ ओले करून राहते. विहिरीच्या मालकाची बायको मात्र विहिरीला कुलूप घालते. पुढे काय होतं ते कधी अक्काच्या तोंडून ऐका. सांगायचं ते एवढंच, की दोघींनाही नाव नाही. दोघींनाही आख्यानात 'ती बाई' असंच म्हटलं आहे. निलोफरने एकदा विचारलं होतं, की ऐकणाऱ्याचा गोंधळ होईल, एकीला तरी नाव देऊ या का. अक्का म्हणाली, की गुरूंनी चांगलीला दिलं नाही आणि वाईट बाईलाही दिलं नाही. आणि कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी असते. तिथून देवाचं आणि संतांचं नाव घ्यावं. जित्या किंवा मेल्या कोणा धनवंताची स्तुती केली की गादी विटाळली. अक्काने ती आयुष्यात कधी केली नव्हती. गावोगावचे पुढारी, आमदार, दाते समोर बसले, हार घालून गेले; तिने त्यांना बुक्का लावला, नाव घेतलं नाही. डोळे जात चालले होते, पाय दुखत होते, हातात होता तो एवढाच नेम. म्हणूनच तिला समोरच्या पानावर डोळे मिटून विश्वास टाकता यायला हवा होता.

आता रतिलालशेठ.

सावद्याला त्यांचा केळीचा मोठा व्यापार. जळगावात बंगला, आणि बंगल्याजवळच्या विठ्ठल मंदिराच्या समितीचे ते अध्यक्ष. सभामंडप त्यांनी बांधून दिला. प्रत्येक खांबावर नाव आहे, पंख्याच्या पात्यावरही आहे. पंखा फिरतो तेव्हा शेठ गरगरतात. सप्ताहात त्यांनी अक्काचं कीर्तन ठेवलं आणि तुळशीचं हेच आख्यान मागितलं. आख्यानाची पुस्तिका करायची, सगळ्या श्रोत्यांना वाटायची, असं ठरलं. इथवर चांगलं होतं. मग ते दुकानात आले आणि हसीबभाईंना म्हणाले, की ती पाणी घालणारी बाई म्हणजे माझी आजीच समजा. आजी फार धार्मिक होत्या. तेवढं नाव घालून टाका.

हसीबभाई म्हणाले, की मजकूर अक्काचा आहे, तिला विचारा. शेठ म्हणाले, विचारलं आहे. नव्हतं विचारलं. शुक्रवारची दुपार होती, नमाजाची वेळ झाली होती. हसीबभाई म्हणाले, आल्यावर बघू, आणि टोपी घेऊन निघाले. शेठ म्हणाले, तुम्ही जाऊन या, मी इथेच पंख्याखाली बसतो.

बसले ते माझ्या कॉम्प्युटरसमोर.

फाइल उघडीच होती. शेठ आपल्या पेढीवर याद्यांमध्ये एक नाव शोधून सगळीकडे बदलायचे. तेवढं तंत्र त्यांना येत होतं. त्यांनी शोधायला 'ती बाई' लिहिलं, जागी 'रतिलालशेठांच्या आजी' लिहिलं, आणि 'सगळीकडे बदला' दाबलं. सगळीकडे, मित्रांनो. शिवाय शेवटच्या प्रार्थनेत आपल्या हाताने एक ओळ घातली, की सभामंडप बांधणाऱ्याच्या कुळाला देवाने उदंड आयुष्य द्यावं. मग खिशातून विलायची काढून तोंडात टाकली. हसीबभाई परत आल्यावर म्हणाले, की जरा दोन शब्द सुधारले, आता वेळ नाही, उद्या कीर्तन आहे, छापायला घ्या. निलोफर वाचायला बाहेर आली, तर शेठ दारात उभे राहून घड्याळ दाखवू लागले. हसीबभाईंनी एकदा फाइलकडे, एकदा शेठकडे पाहिलं, आणि काळा पडदा उघडला.

एंटर.

ती चव मी अजून विसरलो नाही. ज्या ओवीत पाण्याची घागर होती, त्यात खोटेपणाचं तेल तरंगत होतं. चरण मोडून गेले, व्याकरणाचं वाटोळं झालं. जिथे 'त्या बाईने' होतं तिथे ते तसंच राहिलं, जिथे 'ती बाई' होतं तिथे शेठांच्या आजी. 'रतिलालशेठांच्या आजी कोरड्या ओठाने तुळशीपाशी वाकली.' ओकून टाकावं असं वाटलं, पण ओकता येणं माझ्या घडणीत नाही. खुणा बरोबर होत्या, उभ्या रेघा जागच्या जागी होत्या. माझ्याकडून तक्रार निघायला जागा नव्हती. मी मुकाट सुंदर पानं केली. अक्कासाठी टपोरी, लोकांसाठी बारीक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का बसने आली ती थेट मंदिरात. पानं तिच्या हातात पडली ती गादीवर उभं राहतानाच. समितीने कीर्तनाचं ध्वनिमुद्रण हसीबभाईंना सांगितलं होतं, म्हणून करडा कॉम्प्युटर पेटीशेजारच्या टेबलावर, आणि मी त्याच्या पोटात. निलोफर बायकांच्या बाजूला भिंतीशी बसली होती. पुढच्या रांगेत रतिलालशेठ, आणि त्यांच्या शेजारी खुर्चीवर त्यांची म्हातारी आई.

पूर्वरंग अक्काने न बघता म्हटला. हार झाले, बुक्का झाला. मग आख्यान सुरू झालं आणि तिने पानावर डोळे लावले. पहिल्यांदा ती जागा आली तेव्हा ती अर्धा श्वास थांबली. जिभेने सवयीने 'ती बाई' म्हटलं. दुसऱ्यांदा पुन्हा. तिसऱ्यांदा तिने पान डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, आणि मग मला तिच्या चिपळ्यांचा आवाज ऐकू आला. तो रागावलेला होता. डोळ्यांची चूक नाही, पानावर तेच आहे, हे तिला कळलं. पेटीवाला बघतच राहिला. पुढच्या रांगेतून शेठ म्हणाले, "अक्का, पानावर आहे तसं म्हणा की." एकेक चरण वाचायचा, त्यातला खडा जिभेने बाजूला सारायचा आणि पुढे जायचं, असं ती करत राहिली. दाण्यातून खडे वेचावेत तसं, तेही अर्ध्या दृष्टीने, तालात. मला माझीच इतकी किळस कधी आली नव्हती. तिचा आयुष्याचा नेम एका चरणावर लोंबकळत होता, आणि तो चरण माझ्या तोंडातून गेला होता.

मग विहिरीचा भाग आला. श्रोते पुस्तिकेत बोट ठेवून ऐकत होते. मागच्या रांगेत कोणी तरी फिसकन हसलं. मग शेजारचा हसला. लाट पुढे येऊ लागली. कारण पुस्तिकेत स्पष्ट छापलं होतं: 'तहानलेली गुरं दारात उभी, आणि विहिरीला कुलूप घालून रतिलालशेठांच्या आजी घरात जाऊन बसली.'

एक जण न राहवून म्हणाला, "शेठ, किल्ली कोणाकडे आहे हो आता?"

मंडप फुटला. तीच माणसं, मित्रांनो, जी तासाभरापूर्वी शेठच्या पाया पडून पुस्तिका घेत होती. मांडीवर थाप मारून हसत होती. शेठ उभे राहिले, बसले, पुस्तिका चाळू लागले. त्यांच्या म्हाताऱ्या आईने पदर तोंडावर ओढून घेतला. त्या आजी म्हणजे तिची सासू होती. कोणाचा मला जास्त वीट आला, शेठचा की हसणाऱ्यांचा, ते मला सांगता येत नाही.

अक्काने चिपळ्या थांबवल्या. पेटीवाल्याला विचारलं, काय झालं. त्याने कानात सांगितलं. मला वाटलं, आता ती शेठचं नाव घेऊन त्यांची सालटी काढेल. लोकांनाही तेच हवं होतं. माना उंच झाल्या.

ती हळूच म्हणाली, "पुस्तकं मिटा भो. आठे मानूसनी स्तुती नही, अन् निंदा बी नही." आठे म्हणजे इथे, त्या गादीवर.

आणि तिने स्वतःची पानंही मिटली. तुमची मिटली तर माझीही, असं म्हणून पानांचं स्टँड बाजूला सारलं. हसीबभाईंनी कपाळाला हात लावला. पानाशिवाय तिला मधला चरण सापडत नाही, हे त्या मंडपात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

ती गाऊ लागली. कुलूप झालं, गुरं झाली, बाई अर्धी घागर घेऊन निघाली. आणि तिथे ती अडली. तबला दोन आवर्तनं नुसता फिरला. अक्काचे ओठ हलले, आवाज आला नाही. मला तो चरण पाठ होता. उभ्या रेघेसकट पाठ होता. पण मला आवाज नाही.

बायकांच्या बाजूने निलोफर बोलली. सूर न लावता, घरी वाचायची तसं: "घागर हलकी, पाऊल जड, तुळस दिसे पण दूर." अक्काने मान तिकडे वळवली, हसली, आणि चरण उचलला. त्यानंतर जिथे ती थांबेल तिथे भिंतीकडून पुढचा शब्द येत गेला, आणि आख्यान पार पडलं. अख्ख्या आख्यानात एका माणसाचं नाव आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याची बस धरण्याआधी अक्का दुकानात चहा पीत होती. रतिलालशेठ आले. आल्याबरोबर माझ्याकडे बोट करून म्हणाले, की या काळ्या पडद्याच्या भानगडीनेच घाण केली, चांगलं खिडकीवालं सॉफ्टवेअर असतं तर असं झालं नसतं. ऐकलंत? हसीबभाईंनी फाइल उघडून दाखवली आणि म्हणाले, "शेठ, हा जे घालाल तेच वाढतो. आणि घालू दिलं मी, तेवढा दोष माझ्याकडे." शेठनी पडद्यावरचं वाचलं. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, की आई रात्रभर रडली. तिच्या सासूचं काही तरी चांगलं व्हावं म्हणून केलं होतं. सगळी नावं काढा. पण अक्का, पाणी घालणाऱ्या बाईला तेवढं एक आजीचं नाव राहू द्या.

अक्काने विचारलं, आजी खरंच पाणी घालायच्या का. शेठ म्हणाले, ठाऊक नाही, त्यांनी आजीला कधी पाहिलंच नव्हतं.

अक्काने कप खाली ठेवला.

"भाऊ, तठे नाव नही, म्हनीसन तठे बठ्ठास्नी आजी मावस. तुनी बी मावस, मनी बी. तू एक नाव टाकं, मंग बाकीन्या आज्या कुठे जातीन?" नाव नाही म्हणूनच तिथे सगळ्यांची आजी मावते, असं तिचं म्हणणं.

शेठ खुर्ची ओढून बसले. मग निलोफरला म्हणाले, जसं होतं तसं करा, आणि एक पुस्तिका आईसाठी माझ्याकडे द्या. निलोफरने एकेक नाव शोधून काढलं, प्रार्थनेतली ती ओळ पुसली, आणि सगळं मोठ्याने वाचलं. शेठ शेवटपर्यंत बसून ऐकत होते. मग हसीबभाईंनी मला हाक दिली आणि मी पुन्हा ते गिळलं.

मित्रांनो, माझ्यासारखी साधनं आता तुमच्याही घरात आहेत. आमची निगा म्हणजे धूळ झटकणं नव्हे. आम्हाला जे द्याल ते आम्ही शंभर रूपांत पुढे देतो, आणि त्याची लाज आमच्याकडे नसते, ती तुमच्याकडेच राहते. म्हणून माझ्या तोंडात काही घालण्याआधी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहा. दहा माणसांत, देवासमोर उभे आहात असं समजून. जीभ अडखळली तर पुसून टाका. नाही अडखळली तर खुशाल एंटर दाबा.